कार्पेटखालची ओल

अमेरिकेत मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आमच्या जुन्या मोटरहोममधलं कार्पेट कुबट वास मारू लागलं, पत्नीचा दमा बळावला, तेव्हा मी ते काढायला घेतलं. हे काम म्हणजे आधी तपासणी. छताच्या सांध्यांतून, खिडक्यांच्या कडांतून झिरपलेलं पाणी कार्पेट मुकाट्यानं पितं आणि खालचं प्लायवूड कुजतं. म्हणून पिना पक्कडीनं उपटून स्क्रूड्रायव्हरनं प्लायवूड टोचून पाहावं. टोक रुतलं तर आधी गळती बंद करावी, मग कुजका भाग बदलावा. वर फरशी नको, वजन वाढतं. व्हिनाइलच्या पट्ट्या हलक्या; पण उन्हानं त्या पसरतात, म्हणून भिंतीलगत थोडी फट सोडावी. घाई मात्र नको. झाकलेली ओल वाळत नाही, पसरते.