सोन्याच्या कणांनी विषाची परीक्षा

ओलसर राहिलेल्या भुईमुगावर व मक्यावर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उत्पन्न होते. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या परीक्षेसाठी ज्या पट्ट्या मिळतात, त्यांपैकी पुष्कळ पट्ट्यांवरील तांबडी रेघ सोन्याच्या कणांची असते. सोने अतिसूक्ष्म केले म्हणजे प्रकाशाने त्यातील इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात, हिरवा प्रकाश शोषला जातो व कण तांबडे दिसतात. प्रयोगशाळेत हेच तत्त्व काचेवरील सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थराला लावतात. त्यात कोबाल्टचा पातळ थर घालून चुंबकक्षेत्र आलटून पालटून दिल्यास संवेदनक्षमता आणखी वाढते.

पट्टी वाचताना मात्र हमखास घोटाळा होतो. परीक्षेची रेघ जितकी पुसट, तितके विष अधिक! विष कणांवरील प्रतिद्रव्याला आधीच चिकटते, म्हणून कण रेघेवर थांबत नाहीत. रेघ मुळीच न उमटल्यास माल सदोष समजावा. शेजारची नियंत्रण-रेघही न उमटल्यास पट्टीच बाद करावी.

बुरशी सर्वत्र सारखी नसते. यास्तव ग्रामसेवकांनी एकाच पोत्यातील मूठभर दाणे न घेता अनेक पोत्यांतून, वरचे, मधले व तळचे दाणे घेऊन, एकत्र दळून मगच नमुना काढावा.