सोनं स्वतः प्रकाश देऊ शकतं का? लेझरने बनवलेल्या नॅनोकणांची गोष्ट

सोनं चकाकतं, कारण ते आपल्यावर पडलेला प्रकाश परत फेकतं. पण ते स्वतः प्रकाश देऊ शकतं का? उत्तर आहे, हो. फक्त त्यासाठी त्याचे फार बारीक कण करावे लागतात.

अख्खं सोनं का उजळत नाही?
१९६९ मध्ये मुरादियन या संशोधकाने सोनं आणि तांब्यावर लेझर टाकून पाहिला. प्रकाश आला, पण अगदी नगण्य. साधारण १,००० कोटी प्रकाशकण शोषले, तेव्हा कुठे एक बाहेर पडला. कारण धातूतले इलेक्ट्रॉन मिळालेली ऊर्जा एकमेकांवर आदळून क्षणात उष्णतेत घालवतात.

कण लहान झाला की काय बदलतं?
काही नॅनोमीटरच्या कणात इलेक्ट्रॉन एकत्र, एका लयीत हेलकावतात. याला प्लाझमॉन म्हणतात. त्यामुळे कण अँटेनासारखा काम करतो. २००० साली सोन्याच्या नॅनो-कांड्यांमध्ये हा प्रकाश अख्ख्या सोन्याच्या तुलनेत १० लाख पटींहून जास्त आढळला.

याचा उपयोग काय?
२००५ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी अशा कांड्या उंदराच्या शरीरात सोडल्या. लेझरखाली त्या कानातल्या रक्तवाहिन्यांमधून वाहताना दिसल्या. म्हणजे शरीराच्या आत डोकावण्याची ही एक वाट आहे.

मग अडचण कुठे आहे?
या कांड्या बहुतेकदा सीटॅब नावाचं रसायन वापरून बनवतात. ते पेशींना घातक असतं आणि कणांना चिकटून राहतं.

इथे लेझर कामाला येतो
शुद्ध पाण्यात सोन्याचा पत्रा ठेवायचा आणि त्यावर फेमटोसेकंद लेझर मारायचा. एका सेकंदाचे १० लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा १०० कोटी भाग करा. तो झाला एक फेमटोसेकंद! उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत लेझरचा झोत संपतो. उडालेले अणू पाण्यात थंड होतात, एकत्र येतात आणि कण तयार होतात. पाणी पिवळं नाही, लालसर होतं. रसायन लागतच नाही.

अर्थात, अशा पद्धतीने बहुतेक गोल कण मिळतात आणि ते कांड्यांपेक्षा मंद उजळतात. स्वच्छ कण हवेत की तेजस्वी, हा पेच अजून आहे. दोन्ही एकत्र मिळाले, तर शरीराच्या आत पाहण्यासाठी सोनं जास्त विश्वासाने वापरता येईल.