चार मिलिमीटरची वाट

गेल्या दिवाळीत कोथरूडमधल्या आमच्या इमारतीत दोन वर्षांच्या एका मुलाला चिवड्यातल्या शेंगदाण्याचा ठसका लागला. थोड्या वेळाने खोकला थांबला, मूल खेळू लागले, घर निवांत झाले. आजीला मात्र चैन पडेना. तिच्या हट्टामुळे मुलाला रुग्णालयात नेले, तेव्हा दाणा उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या श्वासवाहिनीत बसलेला आढळला. तो दुर्बिणीने काढावा लागला. “लहान मुलांचं एवढं पटकन कसं बिघडतं हो?” हा आजींचा प्रश्न वर्षभर माझ्या मागे लागला. मी डॉक्टर नाही. वाचून आणि विचारून जे समजले ते मांडतो.

पहिले उत्तर गणितात आहे. बाळाची श्वासाची वाट चार मिलिमीटर व्यासाची धरू. आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली की दोनच मिलिमीटर उरतात. फ्रेंच वैद्य पॉइझय यांच्या नियमाने व्यास निम्मा झाला की अडथळा सोळापट होतो. मोठ्या माणसाची वाट आठ मिलिमीटर धरली, तर तेवढ्याच सुजेने तो जेमतेम तिप्पट होतो. त्यात वजनाच्या मानाने बाळाला प्राणवायू मोठ्यांच्या सुमारे दुप्पट लागतो आणि फुप्फुसातली शिल्लक थोडी. त्यामुळे डॉक्टरांच्या हाती फार कमी वेळ असतो.

दुसरे उत्तर शरीराच्या ठेवणीत. बाळाचे डोके मोठे. उताणे निजवले की मान पुढे वाकून वाट दबते. म्हणून तातडीच्या विभागात आधी खांद्याखाली कापडाची घडी सरकवतात, मग मास्क आणि फुगा लावून श्वास देतात. नळी घालायची तर वयाला चाराने भागून त्यात चार मिळवतात: चार वर्षांच्या मुलाला पाच मिलिमीटरची. नळीला फुगा असेल तर अर्धा मिलिमीटर कमी.

ही विद्या घटसर्पाने शिकवली. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेतोनो यांनी गळ्याला छेद देऊन एका मुलीला वाचवले. १८८५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ओड्वायर यांनी तोंडावाटे नळी घालून तो छेद टाळला. पुढे प्रतिविष आले, लस आली. आपल्याकडे १९७८ च्या लसीकरण कार्यक्रमात त्रिगुणी लस होती. १९६६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधूनही ती बाहेर पडू लागली. शेंगदाण्यावर मात्र लस नाही.

घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये. आवाज आणि श्वास अडला, तर वर्षाखालच्या बाळाला पालथे, डोके खाली धरून पाठीवर पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीवर पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पाठीवर थापा आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पोटावर दाब. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. आणि ठसक्यानंतर मूल शांत झाले, तरी डॉक्टरांना दाखवावेच.

यंदा आजींनी नातवासाठी वेगळा चिवडा केला आहे. दाण्यांऐवजी त्यात दाण्याचा कूट आहे.