घरी शिकणाऱ्या मुलीसाठी इतिहासाची पुस्तकं

आमचा बचत गट मुंबईतल्या कफ परेडच्या मच्छीमार नगरातला. गटातल्या एका ताईंची बारा वर्षांची लेक आजारपणामुळे घरीच शिकते. तिच्यासाठी शिवकाळाचा इतिहास आणायला गेलो आणि कादंबरी घेऊन आलो! तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी बघतो.

पहिली, हा इतिहास की कादंबरी? रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ जरूर वाचावी, पण त्यातले संवाद लेखकाने रचलेत, हे मुलीला सांगावं. घटनाक्रमासाठी बालभारतीचं सातवीचं इतिहासाचं पुस्तक सोबत ठेवावं.

दुसरी, कोणी आणि कधी लिहिलं? शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले. सभासदाची बखर त्यानंतर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. म्हणजे ती दरबारातल्या माणसाची, पण मागाहून सांगितलेली हकिगत.

तिसरी, त्यात बाई बोलते का? सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपलं आयुष्य अभंगांतून सांगितलं, नवऱ्याच्या मारासकट. दुकानात ‘तुकारामांच्या शिष्या’ असं सांगा. नाहीतर बहिणाबाई चौधरींची गाणी हाती येतील. तीही गोड, पण त्या अलीकडच्या काळातल्या.

मुलीने एकदा विचारलं, “यात आपण कोळी कुठे?” पुस्तकात एवढंच होतं, की १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. पण बेटांवर तेव्हा कोळी होतेच ना? मग तिने आजीला विचारून आठवणी वहीत उतरवल्या. तुमच्याही गावची अशी एक वही पुस्तकांशेजारी ठेवा.