संत्र्याच्या पांढऱ्या शिरा टाकू नका!

मैत्रिणींनो, मोर्शी-वरूडकडे आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागला की घरोघरी टोपल्या भरतात. पाहुणे आले की आपण फोडीवरची एकेक पांढरी शीर निगुतीनं काढून बशी सजवतो. दिसतं छान, पण त्या शिरांबरोबर जातं काय, ठाऊक आहे?

त्या शिरांत आणि सालीखालच्या पांढऱ्या थरात ‘हेस्पेरिडिन’ नावाचं द्रव्य भरपूर असतं. 1828 साली लेब्रेतों या फ्रेंच संशोधकानं ते संत्रावर्गातल्या फळांच्या याच थरातून वेगळं काढलं. बारीक रक्तवाहिन्यांना ते बळकटी देतं, असं वाटल्यानं 1936 मध्ये अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं गेलं. पुढे ते नाव मागे पडलं, कारण ही जीवनसत्त्वं नव्हेत. मोठ्या आतड्यातले जंतू हेस्पेरिडिन फोडतात, तेव्हा कुठं ते अंगी लागतं.

फ्रान्समध्ये 24 पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस दिला, तेव्हा त्यांचा खालचा रक्तदाब थोडा उतरला. हा प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पण माणसं मोजकी, त्यात बाई एकही नाही! तेव्हा ‘संत्रा खाते, आता बीपीची गोळी कशाला?’ असं म्हणून गोळी बंद करू नका. हे महागात पडेल.

ओट्याशी तासन् तास उभं राहून पायाच्या शिरा फुगतात ना? त्यावरच्या एका गोळीत 450 मिलिग्रॅम डायोस्मिन आणि 50 मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असतं. तिनं जडपणा, ठसठस कमी होते. फुगलेली शीर मात्र जात नाही. ती गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग करायचं काय? संत्रा धुऊन सोला आणि फोडी शिरांसकट खा. रस गाळला की चोथा वाया जातो. जेवणाबरोबर खाल्लात तर ‘सी’ जीवनसत्त्वामुळं पालेभाजीतलं लोहही अंगी लागतं. मधुमेह असेल तर रस टाळा, अख्खं फळ बेतानं खा. सालीची पूड मात्र पोटात घेऊ नका. बागेत फवारणी झालेली असते.

उद्या मुलांना संत्रा सोलून द्याल, तेव्हा शिरा राहू द्या. तेवढेच तुमचे कष्टही वाचतील!