नूतनीकृत व्यावसायिक लॅपटॉप : परीक्षण आणि खरेदीचे स्थान

चिकित्सालयात संगणक असावा की नसावा, हा वाद आता उरलेला नाही. रुग्णनोंदी, औषधसाठ्याचा हिशेब, देयके, परिषदेकडील अर्ज ही कामे संगणकावाचून अडू लागली आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले आणि त्याच्या व्यावसायिक नोंदवहीत आयुर्वेद चिकित्सकांचीही नोंद होऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा विभाग प्रसिद्ध केला. आपले निदान आपल्याच परिभाषेत, पण जगाला वाचता येईल अशा संकेतांकासह नोंदविणे त्यामुळे शक्य झाले.

परंतु गेवराई, धारूर वा पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास नव्या, टिकाऊ लॅपटॉपची किंमत जड जाते. स्वस्तातला नवा घ्यावा, तर दोन-तीन वर्षांत बिजागरी सैल पडते आणि कळफलक रुसतो. अशा वेळी नूतनीकृत, म्हणजे वापरून झाल्यावर तपासून-दुरुस्त करून पुन्हा विक्रीस ठेवलेला व्यावसायिक लॅपटॉप हा चांगला पर्याय ठरतो. मात्र या खरेदीत ‘कोणता घ्यावा’ यापेक्षा ‘कोणाकडून घ्यावा’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात दोन्हींचा क्रमाने विचार केला आहे.

व्यावसायिक लॅपटॉप म्हणजे काय?

लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक या मालिका घरगुती ग्राहकासाठी नव्हे, तर मोठ्या कंपन्यांसाठी बनविल्या जातात. त्यांची बांधणी भक्कम असते, कळफलक रोजच्या लेखनास टिकणारा असतो आणि सुटे भाग अनेक वर्षे मिळतात. दुरुस्तीची सविस्तर पुस्तिका उत्पादक स्वतः प्रसिद्ध करतात, त्यामुळे तालुक्याच्या गावातील जाणकार कारागीरही ही यंत्रे उघडू शकतो. कंपन्या ती साधारणतः तीन ते पाच वर्षे वापरून एकगठ्ठा बदलतात. पुणे, बंगळूरु, हैदराबाद येथील कार्यालयांतून, तसेच परदेशांतूनही, असे गठ्ठे नूतनीकरण करणाऱ्यांकडे येतात. म्हणूनच एकाच बनावटीची शेकडो यंत्रे बाजारात एकदम दिसतात.

जुने काय चालते, काय चालत नाही?

शार्ङ्गधरांनी कल्पांची सवीर्यता-अवधी सांगितली आहे. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गुटी व अवलेह वर्षभर टिकतात, तर आसव, धातू व रसकल्प जुने झाल्याने गुणवान होतात. लॅपटॉपचेही सर्व भाग एकाच गतीने जीर्ण होत नाहीत. सांगाडा, मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम ही दीर्घायुषी असतात. बॅटरी, साठवणुकीची डिस्क, पंखा आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप ही मात्र चूर्णासारखी होत. ती बदलली आहेत काय, हाच विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न.

प्रोसेसर टिकत असला, तरी तो कालबाह्य होऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि इंटेलचा, काही मोजके अपवाद वगळता, आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. केवळ ‘आय-५ आहे’ असे सांगितल्याने काहीच कळत नाही. नुसते ‘गुग्गुळ’ म्हटल्याने तो योगराज की कांचनार, हे कुठे कळते? त्यापुढील क्रमांक पाहावा. आय-५ ८३५०यू हा आठव्या पिढीचा, आय-५ १०२१०यू दहाव्या पिढीचा आणि आय-५ ७३००यू सातव्या पिढीचा. सातव्या पिढीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले, तरी विंडोज वापरणाऱ्याने टाळावे. थिंकपॅड टी ४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि एलिटबुक ८४० जी ५ ही २०१८ सालची यंत्रे सामान्यतः आठव्या पिढीची असतात, आणि तिन्हींत रॅम बसविण्याच्या दोन खाचा आहेत. तरीही क्रमांक पाहूनच घ्यावे, कारण यांपैकी काही सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही विकली गेली होती. रॅम किमान ८ जीबी, शक्यतो १६ जीबी असावी. साठवणूक २५६ जीबीची एसएसडी पुरेशी होते.

त्रिविध परीक्षा

दर्शनाने : तळाशी छापलेला अनुक्रमांक आणि यंत्र सुरू करताना बायोसमध्ये दिसणारा अनुक्रमांक जुळतो काय, हे आधी पाहावे. न जुळल्यास मदरबोर्ड बदललेला असू शकतो, किंवा यंत्राचा मूळ स्रोतच संशयास्पद असतो. पडद्यावर पांढरी पार्श्वभूमी आणून डाग, पट्टे व कडेचा अंधार पाहावा. स्पर्शपट्टी वर उचललेली वा तळ फुगलेला दिसल्यास आत बॅटरीस शोथ आला आहे असे समजावे. असे यंत्र घेऊ नये, आगीचा धोका असतो.

स्पर्शनाने : प्रत्येक कळ दाबून पाहावी, बिजागरी मध्येच कोठेही थांबते काय ते पाहावे, सर्व खाचांत पेनड्राइव्ह लावून पाहावा. अर्धा तास चित्रफीत चालू ठेवून तळ हाताने तपासावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि धुळीची कमतरता कधीच नसते. पंखा घरघरत असेल किंवा लेप वाळला असेल, तर वातानुकूलित दुकानात बरे चाललेले यंत्र वैशाखात आपल्या चिकित्सालयात मंदावते.

प्रश्नाने : बॅटरीची उरलेली क्षमता विचारावी आणि तिचा पुरावा मागावा. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० मिलिवॉट-तास असेल, तर बॅटरी ६० टक्के उरली. वीज खंडित झाल्यावरही नोंद चालू राहावी म्हणून तर आपण डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घेतो, तेव्हा हा आकडा दुय्यम मानू नये. एसएसडीची झीज ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या विनामूल्य प्रणालीने कळते.

आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. बायोसला पूर्वीच्या कंपनीचा परवलीचा शब्द तर नाही ना? आणि इंटरनेट जोडून विंडोज नव्याने बसविताना एखाद्या कंपनीचे नाव पडद्यावर येते काय? आल्यास ते यंत्र त्या कंपनीच्या नियंत्रणातून अद्याप मुक्त झालेले नाही. उद्या ते दुरून बंद केले गेले, तर आपल्या रुग्णनोंदी आतच अडकतील.

कोठून घ्यावा?

१. स्थानिक दुकान : बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील दुकानदार सहसा मोठ्या शहरांतून माल आणतात. त्यामुळे निवड मर्यादित आणि किंमत थोडी अधिक असते. पण बिघाड झाल्यास यंत्र हाती घेऊन त्याच दिवशी दुकानात जाता येते. ज्यास संगणकाचे फारसे ज्ञान नाही, त्याच्यासाठी ही सोय मोठी आहे.

२. मोठ्या शहरातील बाजार : छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. येथे दहा यंत्रे शेजारी ठेवून त्रिविध परीक्षा करता येते. मात्र हमीचा लाभ घ्यावयाचा तर पुन्हा तेथवर जावे लागते. जाण्या-येण्याचा खर्च आणि त्या दिवशीचे बंद चिकित्सालय हे किमतीतच धरावे.

३. नूतनीकरण करणाऱ्या संघटित कंपन्या : गेल्या काही वर्षांत हा धंदा संघटित झाला आहे. बंगळूरुची न्यूजैसा टेक्नॉलॉजीज २०२३ मध्ये, तर ‘इलेक्ट्रॉनिक्स बाजार’ या नावाने व्यवसाय करणारी जीएनजी इलेक्ट्रॉनिक्स जुलै २०२५ मध्ये शेअर बाजारात आली. अशा ठिकाणी लेखी हमी आणि ठरीव तपासणीची अपेक्षा ठेवता येते. तरीही हमीत बॅटरी धरली आहे काय, हे वाचूनच घ्यावे.

४. ऑनलाइन बाजारपेठ : येथे विक्रेता वेगळा आणि बाजारपेठ वेगळी असते, हे लक्षात ठेवावे. एकाच बनावटीचे यंत्र चार विक्रेते चार प्रतींचे देतात. परत करण्याची मुदत हीच येथील खरी परीक्षा-संधी होय. यंत्र हाती येताच त्याच दिवशी वरील सर्व तपासण्या कराव्यात, पेटी उघडताना चित्रीकरण करावे.

५. अनोळखी व्यक्ती व लिलाव : व्यक्तीकडून घेताना मूळ पावती मागावी. ती नसेल तर चोरीचे यंत्र गळ्यात पडण्याचा धोका असतो. लिलावातील माल ‘आहे त्या स्थितीत’ व गठ्ठ्याने विकला जातो. एका यंत्राची गरज असलेल्याने तिकडे वळू नये.

‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शब्दांना कायद्याने ठरविलेला अर्थ नाही. एकाचा ‘ए’ दुसऱ्याचा ‘बी’ असू शकतो. त्याऐवजी विक्रेत्याची नोंदणी विचारावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नूतनीकरण करणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

किमतीचा खरा हिशेब

समजा, एका ठिकाणी यंत्र १८,००० रुपयांना आहे, बॅटरी ४५ टक्के उरलेली आणि हमी एक महिन्याची. दुसरीकडे तेच यंत्र २१,५०० रुपयांना, नवी बॅटरी व एक वर्षाची हमी. पहिल्यास ३,००० रुपयांची बॅटरी आणि एका दुरुस्ती-फेरीचे १,००० रुपये मिळविले, की स्वस्त यंत्र २२,००० रुपयांना पडते. विंडोजचा परवाना खरा नसेल, तर त्याचीही किंमत मिळवावी. या मालिकांत विंडोज प्रोचा परवाना बहुधा मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. नव्याने बसविल्यावर ती आपोआप सक्रिय झाली तर उत्तम. परवाना डावलणारी युक्ती वापरून ‘चालू करून दिलेली’ प्रणाली ही भेसळयुक्त औषधासारखी समजावी.

पावती आणि कायदा

पावतीवर बनावट, अनुक्रमांक, ‘नूतनीकृत’ हा शब्द आणि हमीची मुदत असावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीस लागू होत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू त्यात व्यापारी हेतूची मानली जात नाही. एकट्याने चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यास या तरतुदीचा आधार घेता येतो. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रारदारास आपल्या निवासाच्या वा व्यवसायाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे, म्हणजे बीड येथेच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रुग्णांची गोपनीयता

पूर्वीच्या मालकाचे काय राहिले आहे, हे आपणास ठाऊक नसते. म्हणून विक्रेत्याने दिलेली प्रणाली पुसून स्वतः वा विश्वासू कारागिराकडून नव्याने बसवून घ्यावी. विंडोज प्रोमधील बिटलॉकर सुरू करावे, त्याची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून कुलुपात ठेवावी आणि नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर नियमाने घ्यावी. आपला जुना संगणक देऊन टाकतानाही हेच पथ्य आहे. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती नाहीशी होत नाही. डिस्क पूर्ण पुसून किंवा काढून घेऊनच यंत्र द्यावे. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट भंगारच्या दुकानात पोहोचू नये, हा आपल्या व्यवसायाचा धर्म आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने त्यास आता कायद्याचीही जोड दिली आहे.

सारांश, आठवी पिढी वा पुढील प्रोसेसर, जुळणारा अनुक्रमांक, बॅटरीचा लेखी आकडा, खरा परवाना आणि अनुक्रमांकासह पावती या पाच गोष्टी जो विक्रेता न कुरकुरता देईल, त्याच्याकडून घ्यावे. मग तो जालना रोडवरचा असो वा नवी मुंबईचा. दोन विक्रेते या कसोटीस सारखेच उतरले, तर जवळचा निवडावा. ज्याच्या दारी यंत्र घेऊन एसटीने सकाळी जाऊन ओपीडीच्या वेळेपर्यंत परत येता येते, त्याची हमी कागदावरच्या हमीहून अधिक उपयोगी पडते.

अलमतिविस्तरेण.