वकिलाची निवड आणि पक्षकाराची जबाबदारी

भाऊबंदकीतील वाटपाचा दावा असो वा बांधाचा तंटा, न्यायालयाचे समन्स घरी येताच गावकरी प्रथम सल्ला विचारतो तो शिक्षकाला किंवा पंचायतीच्या सदस्याला. अशा वेळी मिळालेल्या सल्ल्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. सबळ कारण असल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. हे दिवस वाया गेल्यास दावा एकतर्फी चालून हक्काची जमीन हातची जाण्याचा संभव असतो. म्हणूनच वकील वेळेत आणि पारखून निवडणे अगत्याचे आहे.

निवड कशी करावी ?

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये राज्य बार कौन्सिलच्या नामावलीत नाव नोंदलेल्या व्यक्तीलाच वकिली करता येते. महाराष्ट्र व गोवा यांचे बार कौन्सिल एकच आहे. वकिलाचा सनद क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. जमिनीचे दावे, फौजदारी खटले आणि कामगारांची प्रकरणे यांचे काम वेगवेगळे असते. तेव्हा आपल्या प्रकारची प्रकरणे संबंधित वकील चालवितात काय, तसेच प्रतिपक्षाशी त्यांचा पूर्वी काही संबंध आला आहे काय, याची चौकशी करावी.

न्यायालयाच्या आवारात गाठणाऱ्या दलालापासून दूर राहावे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या आवारात पक्षकारांना ओढून नेण्याच्या प्रकाराची सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली होती. निकालाची हमी देणारा, किंवा दावा जिंकल्यास जमिनीत हिस्सा मागणारा वकील विश्वासास पात्र नव्हे. निकालावर अवलंबून असणारी फी ठरविण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई केली आहे.

वकीलपत्र व फी

वकीलपत्र हा अधिकार देणारा दस्तऐवज आहे. तो वाचून, अथवा विश्वासू माणसाकडून वाचून घेऊनच सही करावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कदापि देऊ नये. तडजोड करण्याचा किंवा हक्क सोडण्याचा निर्णय पक्षकाराचाच असतो. त्याच्या स्पष्ट सूचनेवाचून वकिलाने तशी कबुली देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. वकिलाची फी, कोर्ट फी आणि नकला व टंकलेखन यांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा व दिलेल्या रकमेची पावती घ्यावी. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे.

पक्षकाराचे कर्तव्य

विश्वास एकतर्फी असू शकत नाही. पूर्वीचे वाटप, तोंडी झालेली तडजोड, घेतलेली उचल या गैरसोयीच्या गोष्टीही वकिलास प्रथमच सांगाव्यात. त्या प्रतिपक्षाकडून ऐन सुनावणीत उघड झाल्या, तर उपाय उरत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ अन्वये अशी माहिती गोपनीय राहते. मात्र बेकायदेशीर हेतूसाठी केलेल्या संभाषणास हे संरक्षण नाही.

मूळ कागद स्वतःजवळ ठेवून प्रती द्याव्यात. मूळ कागद देणे भाग पडल्यास पोच घ्यावी. प्रत्येक तारीख वहीत टिपावी. प्रकरणाच्या सोळा अंकी सीएनआर क्रमांकावरून पुढील तारीख ई-कोर्ट सेवेवर पाहता येते. निकाल लागताच प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा, कारण दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. नक्कल मिळण्यास लागलेला काळ तीतून वगळला जातो.

विश्वास उडाल्यास

पक्षकाराला वकील बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला प्रकरणाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार कलम ३५ अन्वये राज्य बार कौन्सिलकडे करता येते. आरोप सिद्ध झाल्यास ताकीद देण्यापासून नामावलीतून नाव कमी करण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. ग्राहक आयोगाकडे मात्र वकिलाविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार चालत नाही, असे २०२४ च्या निर्णयाने ठरले आहे.

पैशाअभावी न्याय अडू नये

१९७६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ समाविष्ट झाले आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने मोफत कायदेविषयक साहाय्याची यंत्रणा उभी राहिली. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना विहित उत्पन्नमर्यादेत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा अथवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

समन्स हाती घेऊन आलेल्या माणसाला शिक्षकाने अथवा पंचायत सदस्याने तारीख वाचून दाखविली, तालुक्याच्या समितीचा रस्ता सांगितला आणि कोऱ्या कागदावर सही न करण्याची सूचना दिली, तरी एखाद्या कुटुंबाची जमीन वाचू शकेल.